बदलीवर आलेली मंडळी

राणीच्या बागेत कुणी सहज म्हणून जात नाही, कुणाला तरी दाखवायला म्हणून जातं. लहानपणी आपल्याला दाखवायला आईवडील नेतात, पुढे आपण आपल्या पोरांना नेतो, आणि मधल्या काळात गावाहून येणारे पाहुणे असतातच. गेटवे, म्हातारीचा बूट, राणीची बाग आणि वेळ उरला तर चौपाटीवर भेळ, असा मुंबई दाखवण्याचा ठरलेला क्रम घराघरांतून चालत आला आहे. दाखवणाऱ्याला स्वतःला मात्र काही दिसत नाही. त्याचा एक डोळा पोराच्या हाताकडे आणि दुसरा पाण्याच्या बाटलीकडे असतो. तोंडाने अखंड चालू असतं, "बघितलास का वाघ? नीट बघ. घरी गेल्यावर म्हणशील दिसलाच नाही."

मला ही बाग नीट दिसली ती आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे सासरे. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. पाटण, शिरोळ, मंगळवेढा, जुन्नर अशी सगळी नोकरी ट्रंका भरण्यात आणि सोडण्यात गेली. सासूबाई सांगतात, नव्या गावात भिंतीला खिळा ठोकायला आप्पा वर्षभर तयार नसत. खिळा ठोकला की बदलीची ऑर्डर येते, असा त्यांचा अनुभव होता. अशा माणसाला बाग दाखवायला नेलं, तर तो झाडं आणि जनावरं नंतर बघतो. आधी बघतो की हे इथे आलं कधी, आलं कुठून आणि आणलं कुणाच्या सहीने.

भायखळा स्टेशनला उतरून आम्ही तिघं चालत निघालो. मी, आप्पा आणि माझी लेक. लेकीला फक्त पेंग्विन बघायचे होते आणि ते तिने तिकिटाच्या रांगेतच तीनतीनदा जाहीर करून टाकलं होतं. फाटकापाशी आप्पा थांबले. नाव वाचलं. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

"आणि तू राणीची बाग म्हणालीस."

"तेच हे. आधी व्हिक्टोरिया गार्डन्स होतं."

"म्हणजे फेरफार झालाय," आप्पा म्हणाले. "पण लोकांच्या तोंडच्या सातबाऱ्यावर नोंद चढली नाही अजून."

खरंच चढलेली नाही. टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगून बघा, तो आरशातून आपल्याकडे बघेल आणि विचारेल, "राणीबागच ना?" आता ज्या राणीच्या नावाने ही बाग सुरू झाली, ती व्हिक्टोरिया राणी उभ्या आयुष्यात हिंदुस्थानात आलीच नाही. १८६२ सालच्या १९ नोव्हेंबरला बाग उघडली तीही गव्हर्नरच्या पत्नीने, लेडी फ्रियरने. मी हे सांगितल्यावर आप्पांना नवल वाटलं नाही. "मुख्यालयातून कारभार चालायचा," ते म्हणाले. "आम्ही तरी सचिवांना कुठे बघितलं होतं?"

बागेचीही मुळात बदलीच झालेली आहे. त्याआधी ती शिवडीला होती, एका शेती-बागायती सोसायटीची. तिथून ती भायखळ्याला आली आणि शिवडीच्या रिकाम्या जागेत पुढे गोऱ्यांची दफनभूमी झाली. भायखळा त्या काळी बंगल्यांचा, झाडीचा, हवा खायला जायचा भाग होता. गिरण्यांच्या भोंग्यांनी तो वेढला जायला अजून थोडा अवकाश होता. आता बागेच्या चारी बाजूंना जे काही उभं आहे ते बघता, इथे कुणी हवा खायला येत असेल यावर लेकीचा विश्वास बसणं कठीण. पण फाटकातून आत शिरल्यावर दहा पावलांत उन्हाचा चटका कमी होतो, हे तिलाही कळलं. ती म्हणाली, "एसी लावलाय का?"

डाव्या-उजव्या हाताचा घोळ न घालता सांगायचं तर, आत शिरल्या शिरल्या भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि बागेत येणाऱ्यांपैकी शेकड्याने माणसं त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातात. दगडी इमारत, बाहेरून एखाद्या जुन्या कचेरीसारखी गंभीर. हिच्यात काही बघण्यासारखं असेल असं पोरांना वाटत नाही आणि आयांना ऊन व्हायच्या आत वाघ उरकायचा असतो. आप्पा मात्र कचेरीसारखं काही दिसलं की आत जाणारच.

या संग्रहालयाची कुळकथा म्हणजे बेदखल झालेल्या कुळाची कथा आहे. लंडनमध्ये १८५१ साली जगभरच्या कारागिरीचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे पाठवायला म्हणून मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करताना, तशाच काही इथेही ठेवाव्यात असा विचार निघाला, आणि कोटातल्या टाउन बॅरॅक्समध्ये एक छोटं संग्रहालय उभं राहिलं. ते जरा बाळसं धरतंय तोवर १८५७ उजाडलं. फौजेला बॅरॅक्स हव्या झाल्या. लष्करी हुकूम निघाला आणि सगळं सामान घाईघाईत बाहेर काढण्यात आलं. त्यात पुष्कळ काही मोडलं, हरवलं. जॉर्ज बर्डवूड नावाच्या डॉक्टरने उरलेलं गोळा केलं, आणि नाना शंकरशेट, भाऊ दाजी या मंडळींनी नव्या इमारतीसाठी वर्गणी उभी करायला घेतली.

पैसे जमले, पायाभरणी झाली, आणि तेवढ्यात शेअरबाजार कोसळला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर मुंबईने कागदी कंपन्यांचे इमले चढवले होते. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस पडला, इमले पडले, आणि वर्गणीचे आकडे टाकणारे हात वर करून मोकळे झाले. अर्धवट इमारत सरकारने हाती घेऊन पुरी केली. दारं उघडली ती १८७२ साली.

"अपूर्ण कामाला सुधारित अंदाजपत्रक," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका जिव्हाळा होता की मला वाटलं, ते आता फाइल नंबर विचारतील.

नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव लागलं १९७५ साली, म्हणजे इमारत उघडल्यानंतर तब्बल १०३ वर्षांनी. भाऊ गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्रे गावचे. मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले, गरिबांना फुकट औषध देत, महारोगावर उपचार शोधत, आणि उरलेल्या वेळात प्राचीन शिलालेख वाचत. आपल्यासारख्यांना डॉक्टरने लिहिलेलं वाचता येत नाही, आणि हे डॉक्टर गुप्तकाळातलं वाचत होते. दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संग्रहालय उघडलं आणि दोन वर्षांत, १८७४ मध्ये, भाऊ गेले. त्यांची नोंद मंजूर व्हायला शतक उलटावं लागलं, तरी आप्पांच्या मते हा काही फार उशीर नव्हे. मंगळवेढ्याला त्यांनी याहून जुनी प्रकरणं बघितली आहेत.

आत गेल्यावर मात्र आप्पा गप्प झाले. बाहेरची गंभीर कचेरी आतून एकदम नटलेली आहे. पिस्त्याच्या बर्फीचा असतो तसला हिरवा रंग, बिडाचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर सोनेरी वर्ख, पायाखाली रंगीत फरशा. मधली बरीच वर्षं या वास्तूची रया गेली होती. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आप्पांनी एका खांबावर हलकेच बोट टेकवलं आणि चटकन काढून घेतलं, सुरक्षारक्षकाने बघण्याआधी.

मला स्वतःला इथल्या मातीच्या बाहुल्यांपुढून हलवत नाही. काचेमागे मुंबईतली माणसं उभी आहेत, वीतभर उंचीची. वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची, धर्मांची. कुणाच्या धोतराचा काष्टा, कुणाच्या अंगरख्याचे बंद, कुणाचे पुढे आलेले दात, सगळं बारकाईने केलेलं. एका कपाटात नुसती डोकी आहेत, फेटे आणि पगड्या घातलेली, धड नसलेली. गोऱ्या साहेबाला नेटिव्ह ओळखायला सोपा जावा म्हणून हा खटाटोप होता, हे उघड आहे. तरी ती डोकी इतकी जिवंत आहेत, की त्यातलं एखादं आपल्या आत्याच्या सासऱ्यांचं निघायचं. लेकीने एका पगडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे झोपताना काढायचे का?" यावर कुठल्याही फलकावर माहिती नाही. आप्पा सगळी कपाटं फिरून आले आणि म्हणाले, "यांच्यात तलाठी नाही." आम्हाला तरी दिसला नाही.

दालनाच्या मध्यभागी प्रिन्स अल्बर्ट उभा आहे, संगमरवरी, राणीचा नवरा. हा पुतळा डेव्हिड ससून या बगदादहून मुंबईत येऊन गडगंज झालेल्या ज्यू व्यापाऱ्याने करवून घेतलेला. बागेतला घड्याळाचा मनोराही त्याच घराण्याच्या नावाचा. अल्बर्ट स्वतः १८६१ मध्येच वारला होता, त्यामुळे त्यालाही मुंबई बघायला मिळाली नाही. विलायतेच्या राजघराण्यातल्या ज्यांच्या नावाचं आम्ही आतापर्यंत बघत होतो त्यांच्यापैकी इथे येऊन गेलेला कुणी भेटायचाच होता.

संग्रहालयाच्या आवारात, उघड्यावर, राणी बसली आहे. नाक फुटलेली.

हिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी सुमारे १ लाख ८२ हजार रुपये खर्चून हा पुतळा मुंबईला भेट दिला. शिल्पकार मॅथ्यू नोबल, ज्याने अल्बर्ट घडवला तोच. १८७२ मध्ये तो कोटात, तारघराजवळ दिमाखाने बसवला गेला. तोवर खंडेराव हयात नव्हते. चोवीस वर्षांनी, १८९६ साली, एका रात्री कुणी तरी राणीला डांबर फासून वर जोड्यांची माळ घातली. मोठा गहजब झाला. ते आपण केलं होतं, असं दामोदर चापेकरांनी पुढे आपल्या जबानीत सांगितलं. राणीला घासूनपुसून पुन्हा स्वच्छ केलं गेलं आणि ती आणखी सत्तरेक वर्षं कोटातली रहदारी बघत बसली. स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतले हे साहेब नजरेत सलू लागले. १९६५ च्या सुमाराला त्यांना खाली उतरवून गाड्यांत घातलं आणि भायखळ्याला पाठवून दिलं.

आप्पा राणीपुढे उभे राहिले. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे संग्रहालयाच्या दाराकडे. "आत उभा आहे तो नवरा?"

"हो."

"आणि ही आधी कोटात होती? किती वर्षं?"

"नव्वदेक."

"मग झालं की शेवटी," आप्पा समाधानाने म्हणाले. "पती-पत्नी एकत्रीकरण."

ज्यांच्या घरात सरकारी नोकरी आहे त्यांना या दोन शब्दांतली तपश्चर्या कळेल. नवरा शिरोळला, बायको जुन्नरच्या शाळेत, आणि वर्षानुवर्षं अर्ज. इथे तर सम्राज्ञीलाही नव्वद वर्षं थांबावं लागलं, आणि त्यातही नवऱ्याला छत, तिला उघड्यावर पावसात जागा. पण आप्पांचं म्हणणं, एकाच आवारात पोस्टिंग मिळालं हेच पुष्कळ. क्वार्टरचं नंतर बघता येतं.

त्याच आवारात आणखीही काही साहेब आहेत, कुणाचा हात गेलेला, कुणाचं आणखी काही. त्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिस आहे. नाव ऐकताच आप्पा ताठ उभे राहिले. कॉर्नवॉलिस म्हणजे बंगालची कायमधारा पद्धत, साल १७९३. खात्याच्या परीक्षेला हा माणूस त्यांना पडला होता. "आपल्याकडे रयतवारी होती," ते लेकीला समजावू लागले. "म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा देणार. यांनी काय केलं, मधे जमीनदार घातले." लेक अल्बर्टच्या बाजूला दिसलेल्या मांजरीला शोधत होती.

कॉर्नवॉलिसचा हा पुतळा पूर्वी कोटातल्या हिरवळीवर होता, आज हॉर्निमन सर्कल आहे त्या बाजूला. घुमटीखाली बसवलेला. मुंबईकरांनी बघितलं, घुमटी आहे, आत मूर्ती आहे, म्हणजे देवच असणार. लोक हार घालू लागले, फुलं वाहू लागले, त्या जागेला छोटं देऊळ म्हणू लागले. सरकारने समजावून बघितलं की हा देव नाही, तर भाविकांना ती सरकारचीच गैरसमजूत वाटली. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्याने कोट्यवधी रयतेच्या डोक्यावर जमीनदार बसवले, त्याच्याकडे मुंबईतली एखादी बाई गुडघेदुखी बरी होऊ दे म्हणून नवस बोलत असेल. आता त्याच्यापुढे साधं फूलही नाही. कदाचित घुमटी बरोबर आणली नाही म्हणून.

संग्रहालयाच्या बाहेरच एक दगडी हत्ती आहे. हा मुंबईतला सर्वांत नावाजलेला आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा हत्ती. घारापुरी बेटाच्या किनाऱ्यावर हा उभा होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, आणि आज जगभरचे पर्यटक गेटवेवरून लाँच पकडून तासभर समुद्रातून एलिफंटाला जातात, जिथे तो हत्ती नाही. १८१४ मध्ये त्याचं डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये उरलेला हत्ती उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. यारीने उचलताना तो निसटला आणि त्याचे तुकडे झाले. विलायतेची बदली तिथेच रद्द. तुकडे बागेत आणून टाकले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, ते पुन्हा जोडले गेले.

जवळ जाऊन बघावा असा आहे तो. सांधे स्पष्ट दिसतात. मूळ काळपट दगड कुठे संपतो आणि जोडकाम कुठे सुरू होतं, हे बोटाने दाखवता येतं. पाठीवर एक, पोटाला एक, कानामागे एक. गळालेल्या गोष्टी कुणी तरी धीराने एकेक जुळवत बसलं असणार, कुठला तुकडा पायाचा आणि कुठला सोंडेचा म्हणून वाद घालत. लेकीने त्याला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "याला दुखलं असेल का?" मग स्वतःच उत्तर दिलं, "दगडाला नाही दुखत." मग थोडं थांबून, "पण हत्तीला दुखतं." आप्पांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. एलिफंटाच्या दप्तरी हा अजून दाखवतात का?

तिथून घोड्याकडे. काळा घोडा. मुंबईत ज्याला पत्ता सांगायचा असतो तो काळा घोडा म्हणतो, आणि पत्ता विचारणारा तिथे पोचून घोडा शोधतो. मूळ घोडा १९६५ पासून इथे आहे. त्याच्यावर बसलेला आहे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. तो १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला होता. म्हणजे दिवसभरात आम्हाला भेटलेला हा विलायतेच्या राजघराण्यातला पहिला माणूस ज्याने मुंबई खरोखर बघितली. त्या भेटीची आठवण म्हणून जोसेफ बोहेमने हा ब्राँझचा पुतळा घडवला, १८७९ मध्ये तो बसवला, आणि मुंबईकरांनी वर बसलेल्या भावी सम्राटाकडे ढुंकूनही न बघता खालच्या घोड्याचं नाव चौकाला ठेवलं. साहेब गेले, घोडा गेला, नाव राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला तेव्हा लोकांची ही आवड लक्षात घेऊन त्याच्या पाठीवर कुणालाच बसवलं नाही.

हा पुतळा दिला अल्बर्ट ससूनने, डेव्हिड ससूनच्या मुलाने. बाप ससूनने बाप दिला, लेक ससूनने लेक. कारण घोड्यावरचा एडवर्ड हा आत उभ्या अल्बर्टचा आणि बाहेर बसलेल्या व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी आप्पांना सांगितलं. त्यांनी काठी टेकून मोठ्याने हिशेब केला. बाप आत, आई आवारात, मुलगा घोड्यावर. तिघंही एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. इंग्लंडच्या राजवाड्यात हे कुटुंब एकमेकांशी किती बोलत असेल देव जाणे, राणीचं या मुलाशी फारसं पटत नव्हतं म्हणतात. भायखळ्याला मात्र सगळं घर एकत्र नांदतंय.

झाडांबद्दल मी थोडक्यात आवरते, कारण झाडांबद्दल बोलू लागलं की माणूस फलक वाचून दाखवू लागतो. जवळपास पन्नास एकरांत तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि ती पावणेतीनशेच्या वर जातींची आहेत. त्यांतलीही कितीतरी बाहेरगावची. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी ब्रह्मदेशची. कैलासपतीची फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर फुटतात. फुलात पिंडीवर नागाने फणा धरल्याचा आकार दिसतो, म्हणून समुद्रापलीकडच्या या झाडाला आपल्याकडे लगेच शंकराच्या घरात जागा मिळाली. मागे बागेचा कायापालट करण्याचा भलामोठा आराखडा आला होता तेव्हा ही झाडं जातील या भीतीने मुंबईतल्या काही नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. त्यात बायका पुढे होत्या. त्यांनी एकेका झाडाची मोजदाद केली. आप्पांना ही गोष्ट सर्वांत जास्त पटली. "पंचनामा पक्का असला की कुणाचं काही चालत नाही," ते म्हणाले, आणि गोरखचिंचेच्या बुंध्याभोवती लेकीचे हात पुरतात का ते बघू लागले. तिचे, माझे आणि त्यांचे मिळूनही पुरले नाहीत.

वाघ बघितला. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून २०२० मध्ये वाघांची जोडी इथे आली होती, हे कळल्यावर आप्पांनी विभागाबाहेर बदली अवघड असते एवढंच नमूद केलं. वाघाने आमच्याकडे पाठ केली होती.

आणि शेवटी पेंग्विन. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले गेले. पहिले काही महिने कठीण गेले, त्यातला एक दगावला, वर्तमानपत्रांतून आणि सभांतून त्यावर पुष्कळ तोंडसुख घेतलं गेलं. २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचं घर लोकांना खुलं झालं, आणि काही महिन्यांत बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. तरी गर्दी हटेना. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड समुद्रप्रवाहाच्या काठचे. त्यांना गारवा लागतो, बर्फ नाही. बाहेर भायखळ्याचा मे महिना आणि काचेच्या आत गारगार पाणी, त्यात काळे-पांढरे हे सद्गृहस्थ सुळकन बुडी मारून दुसरीकडे निघत होते. बाहेर आल्यावर अंग झाडून असे उभे राहत, की आत्ता कुणी तरी येऊन सही घेणार आहे.

लेक काचेला चिकटली. तिला आता कुणी हलवू शकत नव्हतं.

पेंग्विनांचा संसार इथे वाढत गेला. पिल्लं झाली. सोलहून आलेल्यांची नावं डेझी, डोनाल्ड, पॉपाय अशी परदेशी होती, आणि मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर, इथे जन्मलेल्या पिल्लांना मराठी नावं द्या, अशी मागणीही झाली. आप्पांनी ही बाब गंभीरपणे घेतली. "मूळ गाव पेरू. आले सोलहून. पण पिल्लांचा जन्म भायखळ्याचा ना? मग डोमिसाइलला काही अडचण नाही. जन्माचा दाखला जोडायचा, झालं." नाव काय ठेवावं यावर आजोबा आणि नातीत चर्चा झाली. आप्पा बाळकृष्णवर अडून होते. लेकीचं म्हणणं, हे पिल्लू मुलगी आहे, आणि तिचं नाव ठमी.

मागे रांग वाढत होती. काचेपाशी एक गणवेशातला सुरक्षारक्षक हात हलवत एकच वाक्य म्हणत होता, "पुढे चला, पुढे चला, थांबू नका." आमच्यापाशी आला तेव्हा त्याच्या बोलण्यातला हेल आप्पांच्या कानाने टिपला.

"गाव कुठलं तुमचं?"

"सातारा जिल्हा. पाटण तालुका."

"पाटणला कुठे? मी होतो की तिथे, कचेरीत!"

रक्षकाने हात खाली केला. त्याने गावाचं नाव सांगितलं. आप्पांनी त्या गावच्या जुन्या पोलीस पाटलाचं नाव सांगितलं. ते रक्षकाचे चुलत आजोबा निघाले. मग कोयनेच्या पुरात वाहून गेलेला साकव, कचेरीपुढचा चहावाला, कुणाच्या तरी वाटणीचं अजून न मिटलेलं प्रकरण. दोघं काचेला पाठ करून उभे राहिले. लेक ठमीला हाका मारत होती. पेंग्विन आले आणि गेले, रांग दारापर्यंत गेली, आणि शेवटी मागून एक बाई कडाडल्या, "अहो, तुम्हीच पुढे चला की आता!"